मिस्ड कॉलवर मोटार : रात्रीचं ओलित, गावची डीपी आणि आपल्या पोरांच्या हातातलं तंत्रज्ञान

वाशीम जिल्ह्यात रब्बीचा हंगाम सुरू झाला की हरभरा आणि गव्हाच्या ओलितासाठी लोक रात्रीची झोप मोडतात. कृषी फीडरवर थ्री फेज वीज आळीपाळीने मिळते. काही दिवस ती दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की कोणाला तरी उठून, बॅटरी घेऊन, पांदण रस्त्याने विहिरीपर्यंत जावंच लागतं. साप, विंचू, रानडुक्कर, ओला बांध आणि अंधारात उघडलेली स्टार्टरची पेटी, एवढं सगळं त्या वाटेवर असतं.

हा 'कोणाला तरी' कोण असतो, हे आपण समाजशास्त्राची पुस्तकं न उघडताही सांगू शकतो. मोठ्या शेतकऱ्याच्या शेतात रात्री सालदार जातो. आपल्या समाजाच्या दोन-चार एकरवाल्या शेतात घरचा म्हातारा जातो, नाहीतर बारावीचा अभ्यास करणारा पोरगा जातो. म्हणून घरबसल्या फोनवरून मोटार चालू-बंद करणं याकडे आम्ही हौसेचं खेळणं म्हणून पाहत नाही. हा जिवाचा प्रश्न आहे. हे तंत्रज्ञान आतून कसं चालतं, ते आपले तरुण कसं उभं करू शकतात आणि ते कोणत्या नियमाने वापरलं पाहिजे, ते या लेखात मांडत आहोत.

सुरुवात महाराष्ट्रातच झाली

फोनने मोटार चालवण्याची कल्पना परदेशातून आलेली नाही. पुण्याचे इलेक्ट्रॉनिक्स अभियंता संतोष ओस्तवाल यांनी म्हाताऱ्या आजोबांना मोटार चालू करायला शेतात खेटे घालताना पाहिलं होतं. त्यातून पुढे त्यांनी 'नॅनो गणेश' हे यंत्र तयार केलं. स्टार्टरला जोडलेल्या या यंत्रात मोबाईल जोडणी असते. शेतकरी घरून कॉल करतो, ठरलेला आकडा दाबतो आणि मोटार चालू किंवा बंद होते. शेतात लाईन आहे की नाही, हेही फोनवरच्या आवाजावरून कळतं. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत उगवत्या बाजारपेठांच्या गटात या यंत्राला पहिलं बक्षीस मिळालं.

तेव्हा बहुतेकांच्या हातात साधे बटणांचे फोन होते. स्मार्टफोन नव्हता, ॲप नव्हतं, इंटरनेट नव्हतं, तरीही काम चालत होतं. आजही गावात नेटचं जाळं येतं-जातं, पण कॉल बहुधा लागतो. ज्या आजीला ॲप उघडता येत नाही, तिला एक नंबर लावता येतो. म्हणून कॉलवर चालणारी पद्धत जुनी वाटली तरी गावासाठी अजून भरवशाची आहे.

ऑटो स्विचने सोय केली आणि डीपी जाळली

रात्रीच्या खेट्यांवर गावाने आपला एक उपाय केव्हाच शोधला आहे. तो म्हणजे ऑटो स्विच. लाईन आली की मोटार आपोआप सुरू होते, कोणाला जावं लागत नाही. मग महावितरण पुन्हा पुन्हा 'ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा' असं आवाहन का करतं? हे समजायला थोडं गणित करू.

पाच एचपीची थ्री फेज मोटार नीट चालू असताना साधारण सात-आठ अँपिअर करंट घेते. पण बंद अवस्थेतून फिरायला लागते त्या क्षणी ती पाच ते सात पट करंट ओढते, म्हणजे चाळीसच्या आसपास अँपिअर. हा झटका काही सेकंदच टिकतो. आता ६३ केव्हीएची एक डीपी धरा. तिची क्षमता सुमारे ८४ अँपिअर. तिच्यावर अशा दहा मोटारी असतील तर चालू असताना पंचाहत्तर अँपिअर लागतात आणि डीपी निभावून नेते. पण दहाही मोटारींवर ऑटो स्विच असेल, तर लाईन येताच सगळ्या एकाच क्षणी उठतात आणि मागणी चारशे अँपिअरवर जाते. व्होल्टेज कोसळतं. कमी व्होल्टेजमध्ये मोटारी लवकर वेग घेत नाहीत, त्यामुळे झटका लांबतो. फ्यूज उडतो, मोटारींच्या वाइंडिंग जळतात आणि कधी डीपीच जाते.

डीपी जळाली की दुसरी येईपर्यंत त्या डीपीवरची सगळी शेतं कोरडी राहतात. ज्याच्याकडे डिझेल इंजिन आहे किंवा पैसा आहे तो कसंबसं भागवतो. दोन एकरवाल्याचा हरभरा मात्र फुलोऱ्यातच वाळतो. प्रत्येकाने आपापली सोय पाहिली आणि नुकसान सगळ्यांचं झालं, त्यातही सगळ्यात जास्त नुकसान सगळ्यात लहान माणसाचं.

आमचा मुख्य मुद्दा हाच आहे. दुरून बटण दाबण्याची सोय प्रत्येकाला एकट्या-एकट्याला दिली, तर ती ऑटो स्विचचाच दुसरा अवतार होईल. लाईन आल्याचा मेसेज आला की दहा जण एकाच मिनिटात कॉल करतील. तीच सोय डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून उभारली, तर मोटारी पाळीने सुरू होतील. दोन मोटारींमध्ये तीस सेकंदांचं अंतर ठेवलं तरी दहा मोटारी पाच मिनिटांच्या आत सुरू होतात. पाच मिनिटं थांबल्याने कोणाचं पीक वाळत नाही, आणि डीपी वाचते.

रिंग वाजते तेव्हा आत काय घडतं?

आता यंत्राच्या आत जाऊ. त्याचे तीन भाग आहेत : ऐकणारा मॉडेम, विचार करणारी पाटी म्हणजे बोर्ड, आणि हात चालवणारा रिले.

मॉडेममध्ये सिम कार्ड असतं. तो एक प्रकारचा फोनच असतो, फक्त त्याला पडदा आणि बटणं नसतात. त्याच्याशी बोलायची भाषा फार जुनी आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत हेस कंपनीच्या मॉडेमबरोबर 'एटी' आज्ञा आल्या. 'एटी' म्हणजे 'अटेन्शन', लक्ष दे. आजचे मॉडेमही हीच भाषा समजतात. कॉल आला की मॉडेम बोर्डाकडे 'रिंग' असा शब्द पाठवतो. 'एटी+सीएलआयपी=१' ही आज्ञा आधी दिलेली असेल, तर कॉल करणाऱ्याचा नंबरही पाठवतो. 'एटीए' म्हटलं की तो कॉल उचलतो आणि 'एटीएच' म्हटलं की कॉल तोडतो. एवढ्या तीन-चार आज्ञा आल्या तरी काम सुरू करता येतं.

यातून दोन पद्धती निघतात.

पहिली पद्धत आपल्या सगळ्यांच्या सवयीची, म्हणजे मिस्ड कॉल. बोर्ड आलेला नंबर आपल्या यादीत शोधतो. नंबर यादीत असेल तर कॉल न उचलता तोडतो आणि आज्ञा पाळतो. कॉल उचललाच नाही, म्हणून त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. पण यात एक उणीव आहे. कॉल करणाऱ्याचा नंबर खोटा दाखवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य असतं. शिवाय ज्याच्या हाती तो फोन, त्याच्या हाती मोटार.

दुसऱ्या पद्धतीत बोर्ड कॉल उचलतो आणि आकडे दाबायला सांगतो. फोनवर आकडा दाबल्यावर जो 'टूं' असा आवाज येतो, तो एक सूर नसून दोन सूर एकत्र असतात. १ दाबला तर ६९७ आणि १२०९ हर्ट्झ, ५ दाबला तर ७७० आणि १३३६ हर्ट्झ. असे चार खालचे आणि चार वरचे सूर मिळून सोळा जोड्या होतात. दोन सूर एकाच वेळी ठेवण्याचं कारण असं की माणसाच्या बोलण्यातून किंवा शेतातल्या गोंगाटातून नेमकी तीच जोडी चुकून तयार होणं कठीण असतं. याला डीटीएमएफ म्हणतात. अमेरिकेत १९६३ मध्ये बटणांचे फोन आले तेव्हापासून ही पद्धत चालू आहे. ती ओळखणारी छोटी चिप बाजारात मिळते, काही मॉडेम स्वतःच ती ओळखतात आणि लिनक्सवर ते काम सॉफ्टवेअरनेही होतं.

आमचा सल्ला असा : मोटार बंद करायला मिस्ड कॉल पुरे. चालू करायला मात्र नंबर यादीत असणं आणि चार आकडी गुप्त अंक, दोन्ही मागा. बंद करण्यात धोका कमी असतो, चालू करण्यात माणसाचा जीव जाऊ शकतो.

लिनक्सची पाटी कशाला हवी?

आधी सरळ सांगतो. एकाच विहिरीवरची एकच मोटार चालवायची असेल, तर लिनक्सचा बोर्ड लागत नाही. आर्डुइनोसारखा साधा मायक्रोकंट्रोलर आणि एक मॉडेम पुरतो. तो कमी वीज खातो, लाईन गेली-आली तरी लगेच उठून उभा राहतो. गरज नसताना भारी वस्तू विकत घेऊ नका.

पण डीपीवरच्या सगळ्यांची पाळी सांभाळायची असेल, तर गोष्ट बदलते. कोणी आधी कॉल केला, कोणाची मोटार किती तास चालली, आज कोणाची पाळी, कोणत्या नंबरला परवानगी, हे सगळं लक्षात ठेवावं लागतं. मराठीत उत्तर द्यावं लागतं : 'लाईन आहे, तुमचा नंबर तिसरा आहे, दीड मिनिटात मोटार सुरू होईल.' काही बिघडलं तर वाशीमहून किंवा पुण्याला शिकायला गेलेल्या पोराने दुरूनच दुरुस्त करता आलं पाहिजे. यासाठी छोटा संगणक लागतो. रास्पबेरी पाय हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या लोकांनी २०१२ मध्ये तो शिकणाऱ्या मुलांसाठी ३५ डॉलरला आणला. आकार एटीएम कार्डाएवढा, आणि वर लिनक्स चालतं.

लिनक्सचं वैशिष्ट्य आपल्याला विशेष जवळचं वाटावं असं आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. दोन्ही मिळून जी व्यवस्था बनली तिचा कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो. आपण धम्माच्या गुणांत 'एहिपस्सिको' म्हणतो, म्हणजे या आणि स्वतः पाहा. एखादी गोष्ट परंपरेने आली म्हणून किंवा मोठ्या माणसाने सांगितली म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही कालाम सुत्ताची शिकवण आहे. ज्या यंत्राच्या आत पाहायलाच मनाई आहे, ते बिघडलं की आपण कंपनीच्या दारात उभे. ज्याच्या आत पाहता येतं, ते गावातला पोरगा दुरुस्त करू शकतो.

मराठीत बोलणारा, आकडे ऐकणारा भाग लिनक्सवर 'ॲस्टेरिस्क' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने बसवता येतो. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं. मोठ्या कंपन्यांच्या कॉल सेंटरमध्ये 'एक दाबा, दोन दाबा' म्हणणारी व्यवस्था यावरही चालते. आवाज मात्र आपल्याच गावातल्या बाईचा रेकॉर्ड करा. म्हाताऱ्या माणसाला तो लगेच समजतो.

विहिरी एकमेकींपासून दूर असतात, मग एक बोर्ड सगळ्यांना कसा पुरेल? लिनक्सचा बोर्ड, मॉडेम आणि एकच सिम मध्यवर्ती ठिकाणी ठेवा. कोणाच्या घरी, समाजमंदिरात किंवा विहारात चालेल. प्रत्येक स्टार्टरवर फक्त छोटा मायक्रोकंट्रोलर आणि 'लोरा' नावाचा रेडिओ बसवा. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी ताकदीच्या रेडिओला वेगळा परवाना लागत नाही. मोकळ्या शेतात एक-दोन किलोमीटर संदेश जातो, मध्ये टेकाड किंवा दाट झाडी असेल तर कमी. त्यामुळे दहा सिमांऐवजी एकाच सिमचा रिचार्ज लागतो आणि दहा घरांत वाटला तर कोणाला जड जात नाही.

स्टार्टरच्या पेटीत : इथे घाई नको

बोर्ड आणि मोटार थेट जोडायची नसते. बोर्डाच्या पिनेवर ३.३ व्होल्ट असतात आणि शेतात ४१५ व्होल्टचे तीन फेज. मध्ये रिले असतो, आणि रिलेही मोटार चालवत नाही. तो फक्त आपलं बोट होतो.

स्टार्टरमध्ये हिरवं बटण दाबलं की कॉइलला वीज मिळते, ती कॉन्टॅक्टर ओढून धरते आणि बोट काढलं तरी मोटार चालू राहते. लाल बटणाने कॉइलची वीज तुटते आणि मोटार थांबते. म्हणून दोन रिले लावायचे. एक हिरव्या बटणाला समांतर, जो एक-दोन सेकंद जुळून सुटतो. दुसरा लाल बटणाच्या मालिकेत, जो क्षणभर तुटतो. या जोडणीचा फायदा असा की लाईन गेली की कॉन्टॅक्टर सुटतो आणि लाईन परत आली तरी मोटार स्वतःहून उठत नाही. नव्याने आज्ञा मिळेपर्यंत ती शांत राहते. ऑटो स्विच आणि या पद्धतीत जमीन-अस्मानाचा फरक इथे आहे.

काही गोष्टी पाळल्याच पाहिजेत :

एक, पेटीवर 'हात / फोन' असा निवडीचा स्विच असलाच पाहिजे. कोणी विहिरीत उतरलं, फूटव्हॉल्व्ह साफ करायला घेतला किंवा केबल जोडायला बसलं, तर स्विच 'हात'वर करायचा, मेन स्विच पाडायचा आणि फ्यूज काढून खिशात ठेवायचे. दूरवरून कॉल करणाऱ्याला विहिरीतला माणूस दिसत नाही. हा नियम मोडला तर आपलं यंत्र सापापेक्षा घातक ठरेल.

दोन, 'चालू केली' आणि 'चालू झाली' यांत फरक आहे. एका फेजच्या वायरवर करंट मोजणारी छोटी रिंग, म्हणजे सीटी, बसवा. मोटार खरंच करंट घेते आहे का, हे तिच्यावरून कळतं. एक फेज गेलेला असेल तर मोटार जळते, म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लागतो. विहीर आटली असेल तर कोरड्या मोटारीचा करंट नेहमीपेक्षा कमी होतो. तो ओळखून बोर्डाने मोटार लगेच थांबवावी आणि मालकाला कळवावं.

तीन, स्टार्टर शेतकऱ्याचा आहे, पण डीपी, मीटर आणि खांबावरची तार महावितरणची. तिकडे हात लावायचा नाही. पेटीतली जोडणीही परवानाधारक वायरमनच्या हातूनच करून घ्यायची आणि अर्थिंग तपासायचं. कोड आपल्या पोरांनी लिहावा, ४१५ व्होल्टला मात्र जाणत्याचा हात लागावा.

चार, लिनक्सच्या बोर्डाला अचानक वीज जाणं मानवत नाही. मेमरी कार्डवर लिहिणं चालू असताना लाईन गेली तर कार्ड बिघडतं. आपल्याकडे लाईन रोजच जाते, म्हणून बॅटरी हवीच, सोबत छोटी सोलर प्लेट असली तर उत्तम. कार्ड शक्यतो 'फक्त वाचा' या अवस्थेत ठेवा आणि बोर्ड अडकला तर त्याला आपोआप पुन्हा सुरू करणारा 'वॉचडॉग' चालू करा. बॅटरी असल्याचा आणखी एक फायदा आहे. लाईन नसतानाही बोर्ड फोन उचलतो आणि 'लाईन नाही, झोपा' असं सांगू शकतो. अर्धे खेटे इथेच वाचतात.

पाच, सिम घेताना पाहून घ्या. बाजारातले स्वस्त मॉडेम २जीचे असतात. जिओचं जाळं ४जी-५जीचं असल्यामुळे त्यात जिओचं सिम चालत नाही. ४जीचा मॉडेम घेतला तर त्यावर व्हीओएलटीई कॉल होतो का, हे विचारून घ्या. नाहीतर नेट चालेल आणि कॉल लागणार नाही. ज्या कंपनीचं जाळं शेतात टिकतं तिचंच सिम घ्या. रिचार्जची तारीख भिंतीवर लिहून ठेवा, कारण वैधता संपली की येणारे कॉलही बंद होतात.

पाणी, वीज आणि आपला वारसा

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला, हे आपल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते, हे फार कमी सांगितलं जातं. १९४३ मध्ये विजेच्या धोरणावर बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा संबंध थेट लोकांच्या दारिद्र्याशी जोडला होता. देशाच्या जलव्यवस्थेची आणि वीजव्यवस्थेची पायाभरणी करणाऱ्या केंद्रीय संस्था त्याच काळात उभ्या राहिल्या. दामोदर खोऱ्याची योजनाही त्यांच्या खात्यात आकाराला आली.

म्हणजे तळ्याच्या काठावर उभा राहिलेला माणूस पुढे देशाच्या पाण्याचं आणि विजेचं नियोजन करत होता. त्याच्या अनुयायांनी स्टार्टरच्या पेटीला घाबरून राहावं, हे शोभत नाही.

आज आपल्या समाजाकडे शेतजमीन कमी आहे आणि आहे ती बहुतेक कोरडवाहू. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी १९५९ आणि १९६४ मध्ये सत्याग्रह केले. त्यांच्याच नावाने २००४ पासून भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन देणारी सबळीकरण योजना आहे. २०१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत विहीर, पंपसंच आणि वीज जोडणीला अनुदान मिळतं. नवीन विहिरीचं अनुदान २०२४ मध्ये अडीच लाखांवरून चार लाख झालं. विहीर मिळाली, मोटार मिळाली, आता ती मोटार सुरक्षितपणे आणि आपल्या हाताने चालवणं ही पुढची पायरी आहे.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. यंत्र हा हक्काला पर्याय नाही. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली पाहिजे, ही मागणी कायम राहिली पाहिजे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला, तो दिवसा वीज देण्यासाठीच. 'आता फोनवर मोटार चालते, मग रात्रीची लाईन चालेल' असं कोणी म्हणायला लागलं, तर त्याला तिथेच थांबवा. शिवाय पाटाने ओलित असेल तर पाणी फिरवायला माणूस लागतोच. फोनचा पूरा फायदा ठिबक किंवा तुषार असेल तिथेच मिळतो. सालदाराच्या रात्रीच्या फेऱ्या वाचल्या म्हणून त्याचं सालाचं ठरलेलं कापलं जाऊ नये, हेही कार्यकर्त्यांनी पाहायचं आहे.

आता करायचं काय?

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, प्रत्येक तालुक्यात आयटीआय, डिप्लोमा किंवा बीसीए केलेले आपले तरुण आहेत. त्यातले अनेक जण नोकरीची वाट पाहत आहेत. त्यांना आमचं आवाहन आहे.

पहिल्या महिन्यात शेतात जाऊच नका. विहारात एका टेबलावर बोर्ड, मॉडेम आणि रिले मांडा. मोटारीऐवजी बॅटरीवर चालणारा छोटा एलईडी दिवा लावा. मिस्ड कॉलवर दिवा लागू द्या, मग आकड्यांवर, मग दोन दिव्यांमध्ये तीस सेकंदांचं अंतर राखून. पायथनमध्ये शे-दीडशे ओळींत हे होतं. चुका इथे होऊ द्या, इथे त्यांनी फक्त दिवा विझेल.

दुसऱ्या महिन्यात डीपीवरच्या सगळ्यांची बैठक घ्या. सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची, कोणत्याही जातीचा, कोणत्याही पक्षाचा शेतकरी असो. विजेची तार जात पाहून वळत नाही आणि डीपी जळाली तर सगळ्यांचीच जळते. पाळी कशी ठरणार, नंबरांची यादी कोण ठेवणार, रिचार्ज कोण भरणार, ऑटो स्विच कधी निघणार, हे कागदावर लिहा आणि सह्या घ्या. यादी एका माणसाच्या ताब्यात देऊ नका, दोघांकडे ठेवा. ज्याच्या हाती यादी त्याच्या हाती पाणी, आणि ज्याच्या हाती पाणी त्याच्या हाती सत्ता, हे आपल्या इतिहासाने आपल्याला शिकवलं आहे. यादीत बायकांचे नंबर असलेच पाहिजेत, कारण अनेक घरांत शेत त्याच सांभाळतात.

तिसऱ्या महिन्यात एकच मोटार जोडा, वायरमन सोबत घेऊन, दिवसाउजेडी. महिनाभर तिची नोंद ठेवा : किती कॉल आले, किती फसले, का फसले. ती मोटार सगळ्यांना दाखवा. नोंद पाहून पटलं तरच बाकीच्या मोटारी जोडा. आणि जो कोड तयार होईल तो लपवून ठेवू नका, शेजारच्या गावाला द्या.

शिका, हा बाबासाहेबांचा आदेश पदवीपुरता नव्हता. घरातला म्हातारा रात्री दोन वाजता उठून विहिरीकडे जायला निघाला असेल आणि त्याला थांबवण्याची विद्या आपल्याला येत असेल, तर ती त्याच्या उपयोगी पडली पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!